एकोणीस नंबरचा दिवा

ज्या खिशाला माणसं पेन लावतात त्या खिशाला तो टेस्टर लावायचा, म्हणून त्याचं नाव टेस्टर. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच ते सुखानं राहत होतं. चार मजली कचेरीत बावीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस. कोणत्या भिंतीच्या पोटातून कोणती वायर गेली आहे हे त्याला आपल्या तळहातावरच्या रेषांपेक्षा जास्त पाठ. पण सुपरवायझर व्हायचं तर मुलाखत इंग्रजीत, आणि मुलाखतीला तीनच संधी. दोन संपल्या होत्या. तिसरी महिन्यावर आली होती. ती गेली की जन्मभर शिडीवरच.

दुसरी संधी कशी गेली ते सांगायलाच हवं. मुलाखत घेणारे तिघे साहेब वर येताना लिफ्टमध्ये अडकले. टेस्टरनं वर लिफ्टच्या मशीनखोलीत जाऊन, हातानं चाक फिरवून लिफ्ट मजल्याला आणली, तिघांना हात धरून बाहेर काढलं आणि तशाच तेलकट हातांनी पाच मिनिटांनी त्यांच्यासमोर जाऊन बसला. त्यांनी विचारलं, “टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ.” त्याला वाटलं, लिफ्टचीच चौकशी असणार. म्हणाला, “ओके सर. नाऊ ओके.” शेरा पडला, ‘कम्युनिकेशन पुअर’. लिफ्टमध्ये तिघेही आपापल्या आईला हाका मारत होते, त्या काही इंग्रजीत नव्हत्या, आणि चार मजले स्पष्ट ऐकू गेल्या होत्या. पण ते कम्युनिकेशन धरायचं नसतं. त्या वर्षी सुपरवायझर कोण झालं? टेस्टरच्याच हाताखाली फ्यूज बांधायला शिकलेला एक चुणचुणीत गृहस्थ. आता त्याला ज्युनिअर साहेब म्हणायचं. तो टेस्टरला काका म्हणायचा आणि काकांनाच चहा सांगायला पाठवायचा.

तिसऱ्या संधीसाठी टेस्टरनं क्वार्टर्समध्ये त्याच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांचे पाय धरले. मास्तरांनी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि आता ते निवृत्त होते. त्यांच्या हाताखालून किती मुलं गेली आणि किती जणांना इंग्रजी आलं हे विचारणं असभ्यपणाचं होतं.

“घाबरायचं नाही,” टेस्टरच्या घरी येऊन मास्तर म्हणाले. “त्या भाषेत शब्द लाखभर आहेत, पण राबणारे दहा-बाराच. घरात नाही का, खाणारी माणसं चार आणि राबणारं एक.”

स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरातच ओट्यावर पडलं.

“तेव्हा एकच क्रियापद धर आणि पिळून काढ.”

आता कोणतं धरायचं? ही बातमी क्वार्टर्सभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. आपल्याकडे कुणाचं दुखलं तर डॉक्टर मिळायला वेळ लागतो, सल्ला दाराशी उभाच असतो. समोरच्या टायपिस्ट बाई म्हणाल्या, “गेट धरा, गेट आलं की सगळं आलं.” खालचे कंपाउंडर म्हणाले, “छे, टेक! सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर.” शेवटी टेस्टरची बायको हात पुसत बाहेर आली.

“मास्तर, ठेवण्याला काय म्हणतात?”

“पुट.”

“मग तेच शिकवा यांना. या घरात वस्तू जागेवर ठेवणं कुणाला येतच नाही. पक्कड फ्रीजवर, चष्मा बुटात.”

झालं. पुट ठरलं.

पहिल्याच धड्याला ठिणगी उडाली.

“पुट म्हणजे ठेवणे,” मास्तर म्हणाले. “पुट ऑन म्हणजे अंगावर घालणे.”

“बरोबर. ऑन म्हणजे चालू. मग पुट ऑफ म्हणजे काढणे.”

“नाही. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे.”

उघड्या वायरला बोट लागावं तसा टेस्टरचा चेहरा झाला. “मग घातलेला शर्ट काढायचा कसा?”

“त्याला टेक ऑफ.”

“म्हणजे घालायचं एका लाइनवर आणि काढायचं दुसऱ्या? मास्तर, हे वायरिंग कुठल्या गाढवानं केलंय?”

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मास्तरांना कुणी विचारला नव्हता.  ते म्हणाले, “तसं चालत आलंय.”

“हां. म्हणजे आमच्या तळमजल्यासारखं,” टेस्टर म्हणाला. त्याला जरा धीर आला. तळमजल्याचं वायरिंगही कुणी केलं ते माहीत नव्हतं, पण दिवे लागत होते.

पुट आउट म्हणजे विझवणे. पुट थ्रू म्हणजे फोन जोडून देणे. पुट डाउन म्हणजे खाली ठेवणे, पण माणसाच्या बाबतीत केलं तर पाणउतारा करणे. पुट अप म्हणजे भिंतीवर टांगणे, आणि पाहुण्याला घरात ठेवून घेणेसुद्धा.

“कॅलेंडरला आणि पाहुण्याला एकच शब्द?”

“दोन्ही एकदा आली की वर्षभर हलत नाहीत, म्हणून असेल,” आतून बायको.

“आणि पुट अप विथ,” मास्तर घाईघाईनं म्हणाले, “म्हणजे सहन करणे.”

टेस्टरनं वही मिटली. “ठेवणे, वर, सोबत. यातून सहन करणं कुठून आलं?”

“त्यात काय न समजण्यासारखं आहे?” बायको दारात आली. “कुणीतरी आणून आपल्यासोबत ठेवून दिलं की सहनच करायचं असतं. वीस वर्षं मी दुसरं काय करतेय?”

“वहिनी,” मास्तर म्हणाले, “तुम्ही पास.”

टेस्टर मात्र पास होईना. पाठ करायचा, सकाळी सगळं पुसलेलं. विझवण्याच्या जागी टांगायचा, टांगण्याच्या जागी पाणउतारा करायचा. कॉलेजात जाणारी मुलगी आठ दिवस हे ऐकत होती. शेवटी वैतागून म्हणाली, “बाबा, तुम्ही पुस्तकातलं कधीच काही शिकला नाहीत. सगळं नकाशावरून शिकलात. मग याचाही नकाशा काढा ना.”

बापाला अक्कल शिकवणारी मुलगी असावी. बाप मान्य करत नाही, पण असावी.

दुसऱ्या दिवशी टेस्टरनं कचेरीतल्या पॅनेल रूममध्ये नकाशाचा एक मोठा कोरा कागद पसरला आणि पुट या क्रियापदाचं वायरिंग केलं. डावीकडून जाड मेन लाइन, तिच्यावर इंग्रजीत लिहिलं, पुट. तिला फाटे. ऑन, ऑफ, अप, आउट, डाउन, विथ, प्रत्येक चिमुकल्या शब्दाला एक स्विच. स्विचपुढं अर्थाचा एक दिवा, दिव्याला फक्त नंबर. अर्थ मराठीतून वहीत, नंबरवार. एकूण एकतीस दिवे. सात नंबर, पुढे ढकलणे. अकरा नंबर, पाणउतारा. एकोणीस नंबरला तो अडला आणि मग स्वतःवरच खूश झाला. तिथं एका लाइनवर एकामागं एक दोन स्विच होते, अप आणि विथ. दोन्ही दाबले तरच दिवा. नुसतं अप दाबून कुणी सहन करत नाही, समोरून विथही लागतं.

कागदाच्या कोपऱ्यात छापील चौकट होती. नकाशाचं नाव, रेखाटले, तपासले, मंजूर. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यानं नावाच्या रकान्यात इंग्रजीत पुट लिहिलं, ‘रेखाटले’पुढं सही ठोकली आणि कागद पॅनेल रूमच्या दाराला आतून चिकटवला. येता-जाता एक नजर टाकायची. चार दिवसांत एकतीसच्या एकतीस पाठ झाले. घरीसुद्धा नंबरातच बोलणं सुरू झालं. बायकोनं नळाचं काम काढलं की तो म्हणायचा, “सात नंबर.” ती म्हणायची, “माझा एकोणीस नंबर जळायला आलाय, सांगून ठेवते.”

इथवर सगळं ठीक होतं. मग सुरक्षा तपासणीची नोटीस आली.

तपासणीवाले दुपारी येणार, आणि वरच्या मजल्याचा वायरिंगचा नकाशा पॅनेल रूममध्ये लावलेला पाहिजे असा नियम. खरा नकाशा कधीच गहाळ झाला होता. तो टेस्टरच्या डोक्यात होता, पण डोकं दाराला चिकटवता येत नाही. ज्युनिअर साहेब घामाघूम होऊन पॅनेल रूममध्ये शिरले, दार लोटलं आणि थबकले. सरळ रेषा, स्विच, दिवे, नंबर, छापील चौकट.

“काका! तुम्ही केलात?”

“केला मीच, पण तो—”

“काका, तुम्ही देवमाणूस आहात.” आणि ‘तपासले’पुढं सही.

“अहो, पण तो वायरिंगचा नाही! तो माझा—”

“नंतर, नंतर.” कागद दारावरून निघाला आणि ज्युनिअर साहेबांच्या काखेतून वर गेला. पाच मिनिटांनी मोठ्या साहेबांनी ‘मंजूर’पुढं सही केली. तपासणीवाल्यांनी त्यावर ‘प्रत्यक्ष पाहणी केली, बरोबर आढळले’ असा शिक्का मारला. मोठे साहेब इंग्रजी पेपर घडी घालून काखेत धरायचे, ज्युनिअर साहेब फोनवर बायकोशीसुद्धा इंग्रजीत भांडायचे. कागदावर जागोजागी ढळढळीत इंग्रजी लिहिलं होतं. एकानंही वाचलं नाही. वाचायचं असतं ते खालच्यांनी. वरच्यांनी सही कुठं करायची तेवढं बघायचं.

टेस्टर मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिला. दाराशी स्टुलावर म्हातारा शिपाई बसलेला असायचा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. तो म्हणाला, “आत जाऊ नकोस. नवीन ऑर्डर निघालीय. मुलाखतीला बसणाऱ्यांनी साहेबांशी फक्त इंग्रजीत बोलायचं. सवय व्हावी म्हणून.”

टेस्टर तरीही आत गेला. “सर, धिस मॅप, नॉट वायर. धिस इज पुट.”

मोठ्या साहेबांनी मान वर केली नाही. “गुड, गुड. पुट इट अप. एव्हरी फ्लोअर.”

टांगणे. बारा नंबर. अर्थ कळला, म्हणून तर तो तसाच हेडक्लार्कांकडं धावला.

 हेडक्लार्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मंजूर नकाशा मागं घ्यायचा तर अर्ज करावा लागेल. कोणत्या साहेबांनी न वाचता सही केली त्यांचं नाव लिहावं लागेल. आणि कचेरीच्या कागदावर तुम्ही खासगी अभ्यास केलात, त्याबद्दल तुमच्यावर चौकशी. मुलाखत कधी आहे म्हणालात?”

“पुढच्या आठवड्यात.”

“मग मी सांगतो ते ऐका. आठ दिवस रजा टाका, घरी बसून अभ्यास करा. आणि तोंड बंद ठेवा.”

टेस्टरनं रजा टाकली. याला भित्रेपणा म्हणा हवं तर. ज्यांना तीनपैकी तिसरी संधी कधी मोजावी लागली नाही त्यांनी खुशाल म्हणा.

तो घरी एकतीस दिवे घोकत असताना कचेरीत कंत्राटदाराची माणसं आली. त्यांना हुकूम होता, मंजूर नकाशाप्रमाणं वरच्या मजल्यावर दिव्या-पंख्यांच्या पॉइंटना नंबर लावा. त्यांनी मोजले तर पॉइंट चोवीस. नकाशात एकतीस. मंजूर नकाशा चुकीचा कसा असेल? म्हणजे मजलाच चुकीचा. त्यांनी भिंती फोडल्या आणि मजला नकाशाबरहुकूम करून दिला.

रजेवरून टेस्टर परतला तेव्हा वरच्या मजल्यावर जे चाललं होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. हेडक्लार्कांनी आपल्या टेबलाचा पंखा लावला की टायपिस्ट बाईंच्या डोक्यावरची ट्यूब विझायची. रेकॉर्ड रूममध्ये एक स्विच असा होता की तो दाबल्यावर काहीच व्हायचं नाही, आणि पाच मिनिटांनी कुठंतरी काहीतरी व्हायचं. टायपिस्ट बाई डोळे पुसत म्हणाल्या, “अहो, हे काय भूत शिरलंय?” टेस्टरनं वर बघितलं. ट्यूबवर चिकटवलं होतं, अकरा. ‘भूत नाही बाई, पाणउतारा आहे,’ हे त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं.

आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये, बरोबर टेबलाच्या वर, एकोणीस नंबर. एक स्विच साहेबांच्या खुर्चीमागं, दुसरा बाहेर पॅसेजमध्ये, शिपायाच्या स्टुलाजवळ. दोन्ही दाबले तरच उजेड. शिपायाचा स्विच बटणाचा होता, बोट काढलं की बंद. ते कंत्राटदाराचं स्वतःचं योगदान. म्हातारा शिपाई दिवसभर एक बोट भिंतीला लावून बसायचा. तो चहाला गेला की साहेब अंधारात.

मुलाखत त्याच केबिनमध्ये होती. टेबलामागं तिघं, मधे मोठे साहेब, उजवीकडं ज्युनिअर साहेब, डावीकडं बाहेरून बोलावलेले इंग्रजीचे प्राध्यापक. प्राध्यापक कंटाळलेले होते. सकाळपासून अकरा उमेदवारांनी त्यांना ‘आय अ‍ॅम हार्ड वर्किंग’ सांगितलं होतं. टेस्टर आत आला, बसला, आणि त्याच क्षणी प्राध्यापकांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं फ्रेममध्ये नकाशा टांगलेला. ते उठले, जवळ गेले, चष्मा पुसला. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट हललं.

“अहो, हे पुट आहे!”

“येस,” मोठे साहेब म्हणाले. “पी. यू. टी. अवर लेआउट.”

“लेआउट कसला? पुट ऑफ, पुट डाउन, पुट थ्रू... हे क्रियापद आहे साहेब! अख्खं क्रियापद! आणि खाली तपासले, मंजूर, बरोबर आढळले!”

ज्युनिअर साहेबांचा रंग उडाला. मोठे साहेब नकाशाकडं बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा तो कागद वाचत होते. तेवढ्यात एकोणीस नंबर विझला. शिपाई चहाला गेला होता.

अंधारात मोठ्या साहेबांचा आवाज आला, आणि तो आता इंग्रजीत नव्हता. “हे तुझं काम? कचेरीच्या कागदावर? तुला मुलाखतीला बसवलंच कुणी?”

 तिसरी संधी समोरून चालत दाराबाहेर निघाल्यासारखी टेस्टरला दिसली. वीस वर्षं वाट पाहणारी बायको दिसली. आणि मग त्याला राग आला. साधा, सरळ, बावीस वर्षं तापलेल्या वायरचा राग.

“काम माझं,” तो म्हणाला. “कागद कचेरीचा, हेही खरं. ती चूक माझी, लिहा. पण मी तिघांना सांगायला गेलो. तुमच्याकडं आलो. तुम्ही म्हणालात इंग्रजीत सांग. इंग्रजीत सांगितलं, तर म्हणालात टांगा.”

“पण हा दिवा का लागत नाही तेवढं सांगा हो,” प्राध्यापक अंधारातून म्हणाले. त्यांना फार मजा येत होती. “इन इंग्लिश, प्लीज. मुलाखत आहे.”

टेस्टर उठला. खिशातला टेस्टर काढला आणि भिंतीवरच्या नकाशावर ठेवला. अंधारातही त्याला प्रत्येक रेघ माहीत होती.

“धिस, मेन लाइन. पुट. फर्स्ट स्विच, अप. हिअर, बिहाइंड सर. सेकंड स्विच, विथ. आउटसाइड, निअर शिपाई. ओन्ली अप, नो लाइट. ओन्ली विथ, नो लाइट. बोथ, देन लाइट. नंबर नाइन्टीन. पुट अप विथ.”

“मीनिंग?”

“सहन करणे.”

“मेक अ सेंटेन्स.”

 ज्युनिअर साहेब खुर्चीत आणखी खाली सरकले. टेस्टरनं अंधारातच मोठ्या साहेबांकडं तोंड केलं आणि प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ उच्चारला.

“सर, ट्वेंटी टू इयर्स, आय पुट अप विथ यू.”

बाहेर स्टूल करकरलं. शिपायानं चहाचा कप खाली ठेवला आणि बोट भिंतीला लावलं.

दिवा लागला.

उजेडात मोठ्या साहेबांचा चेहरा दिसला. तो कसा दिसत होता ते सांगत नाही. अकरा नंबर पाठ असणाऱ्यांना कळेल. प्राध्यापकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘कम्युनिकेशन एक्सलंट’, आणि कागद सहीसाठी मधे सरकवला.

मोठ्या साहेबांच्या मनात त्याला नापास करायचं होतं. पण कारण लिहावं लागतं. उमेदवारानं क्रियापदाचा नकाशा काढला, असं लिहावं तर तो मंजूर कुणी केला हेही लिहावं लागलं असतं. त्यांनी बराच वेळ पेन हवेत धरलं. मग सही केली. या वेळी वाचून.

टेस्टर सुपरवायझर झाला. मास्तरांनी क्वार्टर्सभर सांगितलं की विद्यार्थी त्यांचा. कंपाउंडर म्हणाले, टेक धरलं असतं तर इंजिनिअर झाला असता.  बायकोनं त्या संध्याकाळी चष्मा बुटातून काढून स्वतःच्या हातानं त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, “हा कितवा नंबर?”

“दोन,” तो म्हणाला. “पुट ऑन.”

नवा सुपरवायझर म्हणून त्यानं पहिलं टिपण लिहिलं ते वरच्या मजल्याचं वायरिंग पूर्ववत करण्याबद्दल. हेडक्लार्कांनी ते परत पाठवलं. मंजूर नकाशा चुकीचा होता असं कुणीतरी सहीनिशी लिहून द्यायला हवं होतं. ते कुणी देईना. नकाशा अजून चारही मजल्यांवर फ्रेममध्ये आहे. दर वर्षी तपासणीवाले येतात आणि बरोबर आढळल्याचा शिक्का मारून जातात.

परवाचीच गोष्ट. दुपारी केबिनमधून घंटेवर घंटा वाजत होती, आणि म्हातारा शिपाई पॅनेल रूममध्ये नव्या सुपरवायझरसमोर बसून बशीत चहा ओतत होता. टायपिस्ट बाई धावत आल्या. “अहो, चला लवकर! साहेब केव्हाचे अंधारात बसलेत!”

शिपायानं बशीवर फुंकर मारली.

“येतो म्हणावं,” तो म्हणाला. “तोवर एकोणीस नंबर.”